ऐरोलीच्या आयटी पार्कमधली कंपनी एसी मेंटेनन्सच्या कामासाठी सीजीएल पॉलिसी मागतेय, गाळ्याची फायर पॉलिसी असताना ही वेगळी कशाला काढायची?

तुमची फायर पॉलिसी वागळे इस्टेटच्या गाळ्यापुरती आणि तुमच्या मालापुरती आहे हो. तुमच्या कामामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं किंवा कुणाला लागलं आणि त्याने भरपाई मागितली तर त्यात ती एक रुपया देत नाही, तिथे सीजीएल म्हणजे कमर्शिअल जनरल लायबिलिटी लागते. मी ठाण्यात ब्रोकरच्या ऑफिसात क्लेम बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुमच्या टेक्निशियनने सर्व्हिसिंग करून ड्रेन पाइप नीट बसवला नाही, शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेले, पाणी फॉल्स सीलिंगमध्ये साचत राहिलं आणि सोमवारी बघतात तर खालच्या मजल्यावरच्या भलत्याच कंपनीच्या यूपीएसवर सगळं उतरलेलं. त्या कंपनीची स्वतःची पॉलिसी असेल तर तिला पैसे मिळतील पण मग तिची इन्शुरन्स कंपनी ते वसूल करायला तुमच्या मागे लागू शकते, आणि तिथे ओळखपाळख, साहेब सांभाळून घ्या वगैरे काही चालत नाही, थेट नोटीस येते. अशा वेळी सीजीएल यूपीएसची भरपाई तर लिमिटपर्यंत देतेच, पण वकिलाचा आणि कोर्टाचा खर्चही उचलते, दावा खोटा असला तरी. माझ्या मते छोट्या कॉन्ट्रॅक्टरला हाच सगळ्यात मोठा आधार, कारण केस जिंकेपर्यंत वकिलाच्या फीमध्येच माणूस संपतो.

आता काय मिळत नाही ते नीट वाचा. तो ड्रेन पाइप परत बसवायचा खर्च तुमचाच, खराब काम दुरुस्त करून देणं यात येत नाही. तुमचा माणूस शिडीवरून पडला तरी ही पॉलिसी नाही, त्याला ईएसआयसी किंवा एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन पॉलिसी लागते. क्लायंटचं युनिट दुरुस्तीला गाळ्यावर आणलं आणि तिथे ते खराब झालं तर तेही सहसा बाहेर, कारण ते तुमच्या ताब्यात होतं. रस्त्यावर टेम्पोने कुणाला ठोकलं तर ते मोटर इन्शुरन्सचं.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. काही झालं की आपली माणसं घाबरून तिथल्या तिथे "आमची चूक झाली, भरून देतो" असं लिहून देतात. असं करू नका! जखमीला फर्स्ट एड जरूर द्या, पण इन्शुरन्स कंपनीला न विचारता चूक कबूल केली किंवा पैसे दिले तर क्लेम अडकतो. फोटो काढा, भिजलेला माल फेकू देऊ नका, त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला मेल टाका आणि नोटीस आली तर ती दाबून न ठेवता लगेच पुढे पाठवा.

काढताना एजंटला नुसतं "सीजीएल पाहिजे" म्हणू नका, वर्क ऑर्डरची कॉपीच द्या, त्यात एका घटनेचं लिमिट किती आणि वर्षाचं एकूण किती, क्लायंटचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड म्हणून (म्हणजे तुमच्या पॉलिसीत त्यांनाही कव्हर) घालायचंय का, हे लिहिलेलं असतं. कामाच्या वर्णनात कॉपर पाइपचं ब्रेझिंग येऊ द्या, गॅस टॉर्च वापरता आणि ते लपवलं तर आगीच्या क्लेममध्ये वाद होणारच. पॉलिसी ऑकरन्स बेसिसवर (म्हणजे नुकसान पॉलिसीच्या काळात झालं की पुरे, दावा नंतर आला तरी चालतो) आहे की क्लेम्स-मेड तेही विचारा. क्लेम्स-मेड असेल तर दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो, म्हणून ऐरोलीचं काम संपलं तरी रिन्यूअल लगेच बंद करू नका.