दप्तर उघडताना : वाचकांचे प्रश्न

९ जूनला आंतरराष्ट्रीय पुराभिलेख दिन असतो. त्या निमित्ताने प्रदर्शनं, व्याख्यानं, जुने कागद जपण्याची शिबिरं यांबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली चार इथे घेते. माझी सगळी नोकरी जुन्या दप्तरांत गेली, तेव्हा जे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे.

ताई, मी शाळेत इतिहास शिकवते. नववीच्या मुलांना पणजीला पुराभिलेखांचं प्रदर्शन दाखवायला न्यायचं आहे. मागे असंच एक प्रदर्शन दाखवलं, तर मुलं काचेच्या पेट्यांसमोरून दहा मिनिटांत बाहेर आली. यंदा काय करू?
– एक शिक्षिका, डिचोली

बाई, यात मुलांची काही चूक नाही. काचेखालचा पोर्तुगीज कागद त्यांच्याशी आपणहून बोलत नाही. त्याला बोलतं करायची तयारी आधी वर्गात व्हावी लागते. सगळं दाखवायचा आग्रह सोडा. दोन गोष्टी नीट दाखवल्यात तरी पुष्कळ झालं.

गोव्याचं हे दप्तर, म्हणजे पणजीचं पुराभिलेखागार, १५९५ सालचं. दियोगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. तिथला सगळ्यात मोठा संग्रह म्हणजे ‘मोंसोंइश दु रैनु’चे खंड, पोर्तुगालचा राजा आणि गोव्याचे विसरई (व्हाइसरॉय) यांच्यातला पत्रव्यवहार. जहाजं मार्च-एप्रिलात लिस्बनहून निघायची, पावसाळी वारे धरून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला गोव्याला लागायची आणि डिसेंबर-जानेवारीत परत फिरायची. आता मुलांना हिशेब घाला. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी जुवें बेट घेतलं. ही खबर समुद्रमार्गे लिस्बनला कधी पोचली असेल? राजाने लगेच हुकूम लिहिला असं धरलं, तरी तो गोव्यात कधी आला असेल? फळ्यावर महिने मोजा. दोन पावसाळे सरतात हे लक्षात आलं की तो जाडजूड खंड बघण्यासाठी मुलं आपण होऊन पुढे सरतील.

दुसरी गोष्ट मोडी पत्राची. डिचोलीवर पोर्तुगीजांच्या आधी सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार या दप्तरात वेगळा बांधून ठेवलेला आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग दोरीवर कपडे घालावेत तशी अक्षरं तिला टांगत जायचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, म्हणून नवख्याला ती अगम्य वाटते. पण तारीख मुलंही सोडवू शकतात. ‘सीत सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असलं, तर ते अरबी आकडे आहेत : सहा, सत्तर, शंभर आणि हजार. बेरीज ११७६. हा सुहूर सन. तो मृगाला बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं पत्र असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६००. म्हणजे हे पत्र १७७५-७६ मधलं. असे चार-पाच सन फळ्यावर सोडवून घ्या आणि मग मुलांना न्या. शेतकऱ्याघरच्या मुलांना मृग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शाळेच्या लेटरहेडवर पुराभिलेख खात्याच्या संचालकांना किमान महिनाभर आधी पत्र द्या आणि मुलांची संख्या लिहा. ‘मोडी तारीख असलेलं एखादं पत्र आणि आमच्या तालुक्याचा जुना नकाशा बघायला मिळेल का’ असं त्यात नेमकं विचारा. नेमकं मागणाऱ्यासाठी आतली माणसं हौसेने शोधतात, हे मी आतूनच बघितलंय.

आमच्या घरी पेटाऱ्यात आजोबांच्या वेळचे मोडी कागद आहेत. जतन शिबिराला ‘जुने कागद घेऊन या’ असं आवाहन होतं. नेले तर ते ठेवून घेतील का? थोरल्या काकांना भीती वाटते की त्यातून देवस्थानच्या मानाचा तंटा उभा राहील.
– एक वाचक, प्रियोळ

कागद तुमच्या घरचे आहेत. तुम्ही राजीखुशीने लिहून दिल्याशिवाय ते कोणी ठेवून घेऊ शकत नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात राष्ट्रीय अभिलेखागाराला खाजगी कागद भेट म्हणून किंवा विकत घेता येतात. बळजबरीची भाषा त्यात कुठे नाही. देताना पोच घ्या, आणि त्या पोचेवर पानांची संख्या लिहून घ्या. मूळ कागद घरी ठेवून फक्त स्कॅन करू देणं हा मार्गही आहे. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे व्यापारी कागद पर्वरीच्या झेवियर सेंटरकडे गेले, म्हणून आज अठराव्या शतकातल्या गोव्याचा व्यापार अभ्यासकांना दिसतो. घरातच राहिले असते तर कसरीने खाल्ले असते.

काकांची भीती मी खोटी म्हणणार नाही. फोंड्यात देवस्थानचे मानपान, महाजनकी हे हळवे विषय आहेत. माझनियांचा, म्हणजे देवस्थानच्या महाजनांच्या मंडळांचा, कायदा १८८६ चा, मग १९३३ चा. त्याच्या आधीचे हक्क सांगणारा कागद घरात निघाला तर चर्चा होणारच. म्हणून पेटारा आहे तसा उचलून शिबिरात नेऊ नका. मोडी वाचणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला घरी बोलवा, काकांच्या समोर वाचून घ्या आणि मग काय बाहेर काढायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा. जमाखर्च, सनदा, पत्रं यांतून कोणाचं नुकसान होत नाही, ती आधी दाखवा.

आणि शिबिराची वाट न बघता आजच एक करा. कागद उन्हात घालू नका, सावलीत वाऱ्यावर पसरा. टाचण्या गंजल्या असतील तर ओढून काढू नका, आधी गंज हलकेच सोडवा. चिकटपट्टी अजिबात नको. लॅमिनेशन तर नकोच नको : गरम प्लास्टिकचा चिकटा कागदाच्या धाग्यात शिरतो आणि पुन्हा निघत नाही. काही पानांवर शाईच्या जागी भोकं दिसतील, तर तो किड्यांचाच प्रताप असं समजू नका. लोखंडी शाई आम्लधर्मी असते. आपल्या दमट हवेत ती कागद जाळत जाते आणि अक्षराच्या आकाराचाच तुकडा गळून पडतो. अशा पानाची घडी उघडायचीही घाई नको, खालीवर कोरा कागद घालून ते तसंच शिबिरात न्या. बाकीचे कागद जुन्या दप्तरांसारखे सुती रुमालात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.

मला पोर्तुगीज येत नाही, मोडीही नाही. मग व्याख्यानाला, प्रदर्शनाला जाऊन काय मिळणार?
– एक तरुण वाचक, मडगाव

सत्तरीतल्या पिसुर्लें गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तीस वर्षं हे दप्तर सांभाळलं. १९५५ साली त्यांनी त्यातल्या कागदांची मार्गदर्शिका पोर्तुगीजमध्ये काढली आणि १९६७ साली त्यांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे मराठी पुस्तक पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलं. तिथून सुरुवात करा. पुस्तक वाचून गेलात की व्याख्यानात ओळखीची नावं कानावर पडतात आणि प्रश्न सुचतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. मोडी तर निष्ठेने बसलात तर काही महिन्यांत वाचायला येते. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण वर्ग घेत आलं आहे. तुम्ही तरुण आहात, शिकाच. जुने वाचक एकेक करून कमी होत चालले आहेत आणि मला त्याची फार काळजी वाटते.

आमच्या वाचनालयातर्फे गावात असा कार्यक्रम व्हावा असं वाटतं. कधी आणि कसा ठेवावा?
– वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सत्तरी

जत्रेच्या दिवशी ठेवू नका, कोणाला बसायला वेळ नसतो. चवथीचं विसर्जन झालं की पुढचे एक-दोन दिवस धरा. मुंबई-पुण्याला गेलेली भावकी मूळ घरी असते, म्हातारी माणसं असतात आणि जुन्या कागदातलं एखादं शेताचं नाव ऐकून ‘ही आमच्या बांधाखालची जागा’ असं सांगणारं कोणीतरी निघतंच. हे सांगणं वहीत लिहून घ्या. पणजीच्या दप्तरात ते मिळणार नाही.

भाषणं एक-दोनच ठेवा. खरा कार्यक्रम टेबलावर होतो : मोडी वाचणारी दोन माणसं, भिंग, चांगला उजेड आणि गावाशी संबंधित कागदांच्या मोठ्या केलेल्या प्रती. मूळ कागद मागू नका, प्रवासात ते खराब होतात. खात्याला पत्र पाठवताना गावाचं जुनं नाव, वाडे, देवस्थान आणि गांवकारीचं (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचं) नाव लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला धागा मिळतो. त्या पत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि सभागृह त्याच वेळी मागून ठेवा.