बेळगावात मेपल आणि एल्मच्या बोन्सायला सुप्तावस्थेत कसं न्यायचं?

जानेवारी आला तरी दोन्ही झाडं हिरवीच, मग पानं तोडू का, असं विचारलंय. मेपलची पानं कृपा करून तोडू नका. त्याने झाड झोपत नाही, उलट साठवलेली ताकद खर्चून नवी पालवी काढतं.

जपानी मेपलला सुप्तावस्थेसाठी, म्हणजे हिवाळी विश्रांतीसाठी, कित्येक आठवडे साधारण 0 ते 7 अंशांची थंडी लागते. बेळगाव 750 मीटर उंचीवर असलं तरी इथली हिवाळी रात्र बहुधा 13-14 अंशांवरच थांबते. ऑक्टोबरपासून नत्राचं खत बंद करा. पाणी कमी करा, पण माती कोरडीठाक नको. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्याला संध्याकाळी सातच्या सुमारास हात लावून बघा, अजून गरम लागतो. त्याला टेकलेल्या कुंडीला रात्रीची थंडी मिळणार कशी? ती गच्चीच्या मधोमध, लाकडी फळीवर ठेवा.

झाड लहान असेल तर पानं आपोआप गळल्यावर काहीजण फ्रिजमध्ये 3-4 अंशांवर सहाएक आठवडे ठेवतात. पानं नसल्यामुळे उजेड लागत नाही. मुळं ओलसर ठेवा आणि शेजारी केळी-सफरचंदं नकोत, त्यांतून निघणारा इथिलीन वायू फांदीवरच्या डोळ्यांना, म्हणजे पालवीच्या कळ्यांना, मारक ठरतो.

एल्मची चिंता सोडा. चायनीज एल्म उबदार हवेत पानं राखूनही छान जगतो.

मला मात्र आपली झाडंच जास्त आवडतात. खानापूरकडे जाताना पळस, पांगारा, सावर उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होऊन फुललेले दिसतात, त्यांना बर्फाळ थंडी लागतच नाही. कुंडीसाठी उंबर किंवा डाळिंबापासून सुरुवात करा.