म्युनिकमध्ये नोकरी करतो. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवारची रजा जोडून चार दिवस कुठे आणि कसं जावं?

आपली सुट्टी आणखी कुठे कुठे आहे ते आधी बघा, आणि जिथे ती नाही तिकडे जा. निम्मं काम तिथेच होतं.

2026 मध्ये 1 जानेवारी सोडला तर असे गुरुवार दोन आहेत: 14 मे (ख्रिस्टी हिम्मेलफार्ट, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण) आणि 4 जून (फ्रोनलाइखनाम, हाही ख्रिस्ती सण). पहिला जर्मनीभर आहे, शिवाय ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्येही. त्या दिवशी साल्झबुर्गला गेलात तर दुकानांना कुलपं आणि रस्त्यावर अख्खं बायर्न (म्युनिकचं राज्य, म्हणजे बव्हेरिया). दुसरा बायर्नमध्ये आहे, पण बर्लिन-हॅम्बुर्गमध्ये नाही. इटलीत आणि चेकियात मात्र दोन्ही गुरुवार साधे कामाचे. म्हणून माझं मत: मेमध्ये बोलोन्या किंवा प्राग, जूनमध्ये बर्लिन. 4 जून फिंग्स्टफेरियनमध्येही (बायर्नमधल्या शाळांची सुट्टी) येतो, त्यामुळे तेव्हा गार्डा सरोवराच्या नादी लागू नका. नकाशावर इटली असली तरी कानावर बव्हेरियनच पडते. शाळेच्या सुट्टीमुळेच शुक्रवारची रजाही लवकर टाका. एकाच दिवसासाठी दोघांचे अर्ज आले तर मुलं शाळेत असणाऱ्याचा विचार आधी होतो, आणि कायद्यालाही ते मान्य आहे.

कागदपत्रं: जर्मनीचं वैध निवास कार्ड आणि भारतीय पासपोर्ट असला की शेंगेन देशांत वेगळा व्हिसा लागत नाही (180 दिवसांत 90 दिवस). ब्रिटन आणि आयर्लंड त्यात येत नाहीत. कार्डाचं नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात नुसतं फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग (निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं प्रमाणपत्र) असेल, तर त्यावर जर्मन निवास कायद्याच्या कलम 81 चा कोणता परिच्छेद खुणावलाय ते वाचा. परिच्छेद 4 असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत ठेवून परत येता येतं. परिच्छेद 3 असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका. आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर त्यांना शेंगेनबाहेर नेऊ नका, परत आत घेणार नाहीत.

मूळ पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे. परतीच्या गाडीत पोलीस चढले तर मोबाईलमधला फोटो चालत नाही.

आता रेल्वे. म्युनिकहून इन्सब्रुक, व्हेरोनामार्गे बोलोन्याला थेट युरोसिटी (देशादेशांतली लांब पल्ल्याची गाडी) आहे, साधारण सात तास. तिकिटाचा दर जर्मन आणि ऑस्ट्रियन, दोन्ही रेल्वेंच्या ॲपवर बघा, एकाच गाडीला वेगळा निघू शकतो. रविवार दुपारनंतरच्या गाड्या आधी भरतात, म्हणून परतीचं तिकीट पहिल्यांदा. तिकीट म्हणजे जागा नव्हे, आरक्षण वेगळं करावं लागतं. साडेपाच युरो वाचवून ब्रेनरपर्यंत (ऑस्ट्रिया-इटली सीमेवरची खिंड) दारात उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

डॉइचलांडटिकिट (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा मासिक पास) सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइनपर्यंत चालतं. म्हणून बरेच जण तिथपर्यंत लोकल गाडीने जातात आणि पुढचंच तिकीट काढतात. पैसे वाचतात खरे, पण हे दोन वेगळे करार झाले. एकाच तिकिटावर 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर ठरलेल्या गाडीचं बंधन सुटतं आणि पुढची गाडी पकडता येते. इथे लोकल रखडून युरोसिटी हुकली तर स्वस्तातलं तिकीट वाया, आणि दाद मागायला जागा नाही. असं करायचंच असेल तर मध्ये किमान एक तास ठेवा. निघायच्या आदल्या आठवड्यात ॲपमध्ये ‘एसईव्ही’ (रेल्वेऐवजी बस) ही अक्षरं दिसतात का तेही बघा. काम चालू असलं की ब्रेनरच्या मार्गावर काही टप्पा बसने जावं लागतं आणि मग सात तासांचा हिशोब विसरायचा.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. ब्रेनरच्या वाटेवरचा लूएग पूल दुरुस्तीमुळे 2025 पासून बरेच दिवस प्रत्येक दिशेला एकाच मार्गिकेवर आहे. ऑस्ट्रियाचं विन्येट (महामार्ग वापरायचा स्टिकर) आणि ब्रेनरचा टोल हे दोन वेगळे खर्च. शिवाय भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. सातव्या महिन्यात गाडी चालवली तर ते विनापरवाना चालवणंच.

बुधवारी संध्याकाळी आठच्या आत किराणा भरा. गुरुवारी म्युनिकमधली दुकानं बंद, स्टेशनातली तेवढी उघडी, आणि तिथे रांग.

बोलोन्यात शाकाहारी असाल तर एका अक्षराने घोळ होतो. टॉर्टेलिनीत डुकराचं मांस असतं. टॉर्टेलोनीत बहुधा रिकोटा. अर्ध्या तासावरच्या फेरारात भोपळा भरलेली कापेलाच्ची मिळते, पण वर मांसाचा रागू ओतून आणतात. ‘बुर्रो ए साल्व्हिया’, म्हणजे लोणी आणि सेजची पानं, असं मागवताना स्पष्ट सांगा.