वाचकांचे प्रश्न : ‘स्प्लेंडर’मधील चालींचा हिशेब

मोबाइलवर आणि टॅबवर खेळल्या जाणाऱ्या बैठ्या खेळांविषयी आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘स्प्लेंडर’ या एकाच खेळाबद्दल आहेत, म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. मार्क आंद्रे यांनी रचलेला हा रत्नव्यापाऱ्यांचा खेळ २०१४ मध्ये बाजारात आला, २०१५ मध्ये त्याची डिजिटल आवृत्ती निघाली आणि ‘बोर्ड गेम अरीना’ या ऑनलाइन खेळांच्या संकेतस्थळावरही तो खेळता येतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात असे : आपल्या पाळीला चार चालींपैकी एकच करता येते. तीन वेगवेगळ्या रंगांच्या रत्नचकत्या घ्याव्यात. किंवा एखाद्या रंगाच्या ढिगात किमान चार चकत्या असतील तर त्याच रंगाच्या दोन घ्याव्यात. किंवा एक पत्ता स्वतःसाठी राखून ठेवून सोन्याची एक चकती घ्यावी, जी कोणत्याही रंगाऐवजी चालते. किंवा चकत्या देऊन पत्ता विकत घ्यावा. पत्ते स्वस्तापासून महागापर्यंत तीन पातळ्यांत मांडलेले असतात आणि काहींवर गुण असतात. विकत घेतलेला प्रत्येक पत्ता त्याच्या रंगाचे एक रत्न कायमचे देतो, म्हणजे पुढच्या प्रत्येक खरेदीत त्या रंगाची एक चकती कमी लागते. पंधरा गुण गाठले की शेवटची फेरी पूर्ण करून डाव संपतो.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि रोज वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रोने जाताना एक-दोन डाव खेळतो. सुरुवातीला स्वस्त पत्ते भराभर घेऊन पाया भक्कम करायचा, मग मोठ्या पत्त्यांकडे वळायचे, अशी माझी पद्धत आहे. माझ्याकडे दहा-बारा पत्ते जमतात आणि महागडे पत्ते हाताशी आले असे वाटू लागते, तोच समोरचा खेळाडू माझ्यापेक्षा कमी पत्त्यांत पंधरा गुण करून मोकळा होतो. माझे काय चुकते?

उत्तर : आपण रत्ने मोजता आहात, त्यांऐवजी चाली मोजून पाहा. या खेळात सर्वांत महाग वस्तू चाल आहे, आणि एका चालीत जास्तीत जास्त तीन चकत्या मिळतात, म्हणून हिशेबासाठी एक चाल म्हणजे तीन चकत्या असे धरू. पहिल्या पातळीच्या चाळीस पत्त्यांपैकी पस्तीस पत्ते शून्य गुणांचे आहेत. त्यांपैकी चार वेगवेगळ्या चकत्या मागणारा एक पत्ता घ्या. चार चकत्या गेल्या आणि विकत घेण्यासाठी एक अख्खी चाल गेली, म्हणजे आणखी तीन. एकूण खर्च सात चकत्यांचा झाला. तो पत्ता पुढच्या प्रत्येक खरेदीत फार तर एक चकती वाचवणार, म्हणजे त्या रंगाची गरज असलेल्या सात खरेद्या झाल्या तरच तो खर्च फिटणार. डावाच्या आरंभी ही आशा रास्त आहे, मध्यावर ती क्षीण होते आणि अखेरीस तिच्यात काही अर्थ उरत नाही. अगदी फुकट मिळणारा पत्तासुद्धा एक चाल खातोच, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तुळशीबागेत एकेका वस्तूसाठी वेगवेगळी खेप घालणाऱ्या माणसाचा दिवस खेपांतच संपतो, तसे आपल्या डावाचे होत आहे.

याउलट विकत घेण्याची चाल शून्य गुणांच्या पत्त्याला जेवढी लागते तेवढीच पाच गुणांच्या पत्त्यालाही लागते. म्हणून कोणत्या पत्त्यात एका चकतीमागे किती गुण पडतात ते पाहावे. तिसऱ्या पातळीवर एकाच रंगाच्या सात चकत्या मागणारा पत्ता चार गुण देतो आणि दोन रंगांच्या मिळून दहा मागणारा पाच. पण चार रंगांच्या मिळून चौदा मागणारा पत्ता तीनच गुण देतो, आणि तो मी जवळजवळ कधीच घेत नाही. दुसऱ्या पातळीवर एका रंगाच्या पाच चकत्यांना दोन गुण आणि सहांना तीन गुण मिळतात, आणि हे पत्ते या खेळाचा खरा कणा आहेत असे माझे मत आहे. दुसऱ्या पातळीचेच काही पत्ते सात किंवा आठ चकत्या घेऊन एकच गुण देतात. त्यांचा रंग अगदी अडलेला असेल तरच त्यांच्याकडे वळावे.

मात्र एका रंगाचे पत्ते दिसायला किफायतशीर असले, तरी एका रंगाच्या चकत्या चालीला दोनच मिळतात आणि दोघांच्या डावात तर प्रत्येक रंगाच्या चारच चकत्या पटावर असतात. त्यामुळे एकदा जोडी उचलली की ढिगात दोन उरतात आणि त्या रंगाची दुसरी जोडी घेता येत नाही. पाया लागतो तो यासाठी. उदाहरणार्थ, तिसऱ्या पातळीवरील पांढऱ्या हिऱ्याच्या दोन पत्त्यांना सात-सात काळी रत्ने लागतात. आपल्याकडे काळ्याचे तीन पत्ते असतील तर प्रत्येक वेळी चारच काळ्या चकत्या जमवायच्या राहतात. पण समोरच्याने एक जरी काळी चकती धरून ठेवली, तरी आपल्याला सोन्याची चकती किंवा काळ्याचा चौथा पत्ता हवाच. तेव्हा पहिल्या दोन-तीन चालींतच वरच्या दोन पातळ्या वाचून एक-दोन लक्ष्ये ठरवावीत आणि त्यांना लागणाऱ्या रंगांचेच स्वस्त पत्ते घ्यावेत. दोघांच्या डावात असे पाच-सहा पत्ते मला पुरेसे वाटतात. मेट्रोत घड्याळ लावून खेळताना हा हिशेब डोक्यात बसायला वेळ लागेल, म्हणून काही आठवडे एका चालीला दिवसभराची मुदत असणाऱ्या प्रकारात खेळावे आणि प्रत्येक खरेदीपूर्वी ‘हा पत्ता मला आणखी किती वेळा उपयोगी पडेल’ हा आकडा कागदावर लिहावा.

प्रश्न : स.न.वि.वि. मी सदाशिव पेठेत राहणारा निवृत्त गृहस्थ असून आयुष्यभर रमी आणि ब्रिज खेळत आलो आहे. नातवाने टॅबवर हा खेळ शिकवला. पत्ता राखून ठेवण्यात एक चाल आणि हाती एकच चकती, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो. परंतु नातू नेमका मला हवा असलेला पत्ता राखतो आणि जिंकतो. राखणे केव्हा योग्य?

उत्तर : काका, रमीत समोरचा उघड्या ढिगातून कोणते पान उचलतो यावरून आपण त्याचा हात ओळखता, तीच नजर येथे वापरावी. येथे तर सर्वांच्या चकत्या उघड्या असतात. आपण तीन निळ्या चकत्या धरल्या आणि पटावर पाच नीलम मागणारा एकच चांगला पत्ता असला, तर नातवाला आपला बेत कळतोच. म्हणून अशा पत्त्याकडे जाताना शेवटच्या क्षणापर्यंत तीन वेगवेगळे रंग घेत राहावे, किंवा आरंभीच तो राखून ठेवून मग निःशंकपणे चकत्या जमवाव्यात.

हिशेब असा की राखताना तीन चकत्यांऐवजी एकच मिळते, म्हणजे दोन चकत्यांचा तोटा होतो. परंतु सोन्याची चकती कोणत्याही रंगाची जागा घेते, त्यामुळे जो रंग पटावर संपला आहे त्याच्यासाठी ती एकटी एका पूर्ण चालीची किंमत भरून काढते. जो पत्ता गेला तर आपल्या तीन-चार चाली फुकट जातील तो राखण्यात काहीच तोटा नाही. केवळ समोरच्याची अडवणूक करण्यासाठी राखणे मात्र दोघांच्याच डावात परवडते, कारण तेथे त्याचे नुकसान तो थेट आपला फायदा असतो. चौघांत आपण एकाला अडवतो आणि उरलेले दोघे काही न करता पुढे जातात. हातात तीनच पत्ते राखता येतात आणि ते विकत घेतल्याशिवाय सुटत नाहीत, हेही ध्यानात असावे. तीन निरुपयोगी पत्ते राखून बसलेल्या खेळाडूला सोने मिळण्याचा आणि अडवणुकीचा असे दोन्ही मार्ग बंद होतात, आणि सराईत प्रतिस्पर्धी याच घटकेची वाट पाहत असतो. नातवाचे तीनही पत्ते भरले की आपले मोठे लक्ष्य पटावर निर्धास्त ठेवता येते. ते तो विकत घेऊ शकतो का, एवढेच पाहावे लागते.

प्रश्न : आम्ही धनकवडीतले चौघे जण रविवारी एकत्र खेळतो. माझी जाऊबाई नेहमी सरदारांच्या मागे असते. सरदारांच्या मागे लागावे का?

उत्तर : सरदार म्हणजे ठरावीक रंगांचे पत्ते जमवणाऱ्याकडे आपसूक येणारी बक्षिसाची पाटी. प्रत्येक सरदार तीन गुण देतो, पण त्यासाठी दोन रंगांचे चार-चार किंवा तीन रंगांचे तीन-तीन पत्ते लागतात, म्हणजे आठ किंवा नऊ खरेद्या. केवळ सरदारासाठी एवढ्या चाली घालणे महागात पडते. तथापि त्याच्या येण्याला वेगळी चाल लागत नाही, म्हणून दोन सरदारांमध्ये एखादा रंग सामाईक असेल आणि तोच रंग आपल्या मोठ्या पत्त्यालाही लागत असेल, तर पहिल्या पातळीवरील निवड त्या रंगाकडे झुकवावी. तीन गुणांचा पत्ता घेताच सरदारही आला तर एका चालीत सहा गुण होतात. आपल्या जाऊबाई अशा स्थितीच्या किती जवळ आहेत, हे त्या नऊ गुणांवर असल्यापासून मोजत राहावे.

प्रश्न : ताई, मी पिंपळे सौदागरला राहते आणि नववीत आहे. कालच्या डावात मी आधी पंधरा गुण केले, पण माझा मित्र सोळा करून जिंकला. असे कसे झाले?

उत्तर : तुझी पाळी पहिली होती, म्हणून असे झाले. कोणीही पंधरा गाठले तरी सर्वांना सारख्याच चाली मिळाव्यात यासाठी ती फेरी पूर्ण होते, त्यामुळे दोघांच्या डावात पहिल्या खेळाडूच्या नंतर दुसऱ्याला एक चाल उरते. दुसऱ्याने आधी पंधरा केले असते तर मात्र डाव तेथेच संपला असता. म्हणून पहिली पाळी असताना पंधरावा गुण घेण्यापूर्वी समोरच्याच्या चकत्या, त्याचे पत्ते, त्याने राखलेले पत्ते आणि बाकी असलेले सरदार पाहून त्याला एका चालीत जास्तीत जास्त किती गुण होतील ते मोज. पटावरून राखलेला पत्ता सर्वांनी पाहिलेला असतो, तेव्हा तो राखला जातानाच त्याची किंमत आणि गुण वहीत टिपून ठेव. मित्र तुझ्या पुढे जाणार असे दिसले, तर त्याला हवा असलेला पटावरचा पत्ता राखून एक फेरी थांबणे अधिक शहाणपणाचे. गुण सारखे झाले तर ज्याने कमी पत्ते विकत घेतले तो जिंकतो, त्यामुळे तुझे पत्ते त्याच्यापेक्षा कमी असतील तर त्याने पंधरा केले तरी तूच जिंकशील. जास्त असतील तर डाव बंद करण्यापूर्वी तुला सोळा किंवा सतरा गुणांची तयारी ठेवावी लागेल.