जर्मन ताटल्या जर्मनीला नेतानाही परवानगीचा प्रश्न येतो

आपल्या पत्रातील हकिगत अशी, की आपले आजोबा शिक्षणासाठी बर्लिनला होते आणि १९२९ साली परतताना त्यांनी माइसेन या जर्मन गावातील प्रसिद्ध कारखान्याच्या, निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बारा ताटल्या व झाकणाचे एक मोठे सूपपात्र आणले. हा संच आपण हॅम्बुर्गला स्थायिक झालेल्या कन्येला देऊ इच्छिता आणि जर्मन वस्तू जर्मनीलाच परत जात असेल तर तिला परवानगी कशाला, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

हे म्हणणे कायद्याला धरून नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ यातील व्याख्येत वस्तू कोठे घडली हा निकषच नाही. किमान शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू, मग ती पैठणची असो वा माइसेनची, तीत मोडू शकते. भारताबाहेर नेणे म्हणजेच निर्यात, त्यामुळे ती विकलेली नसून मुलीला भेट दिलेली आहे, हा बचाव चालणार नाही. अशी निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणाच करू शकते आणि उल्लंघनास कलम २५ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. साड्यांच्या घडीत गुंडाळून नेण्याचा विचार म्हणूनच मनातून पूर्ण काढून टाकावा.

तेव्हा सारा प्रश्न वयाचा आहे आणि ते नक्षीवरून ठरत नाही. चिनी भांड्यांवरची डाळिंबे आणि पीच यांवरून माइसेनमध्ये १७४०च्या सुमारास ही निळी नक्षी बेतली गेली. लोकांना त्या फळांत कांदे दिसले आणि ‘कांदा नक्षी’ हेच नाव रूढ झाले. ती आजही काढली जाते व इतर कारखान्यांनीही तिची भरपूर नक्कल केली आहे. तळाची खूण मात्र बोलकी आहे. आपल्या छायाचित्रांत ताटल्यांमागील, माइसेनची खूण असलेल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींच्या टोकांमध्ये ठिपका स्पष्ट दिसतो आणि ती खूण साधारण १९२४ ते १९३४ या काळातील आहे. (अठराव्या शतकातील एका खुणेत ठिपका मुठींमध्ये असतो, दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.) म्हणजे ताटल्या अगदी शंभरीच्या उंबरठ्यावर आहेत. आजोबांची पावती खरेदीचे वर्ष सांगते, घडणीचे नव्हे, तरीही ती जपून ठेवावी. सूपपात्रावर ठिपका नाही. तेही १९२९ सालीच आले असेल तर ते बहुधा १९२४ पूर्वीचे, म्हणजे शंभरी ओलांडलेले आहे. ते नेण्याचा आग्रह आपण सोडावा, असे मला मनापासून वाटते.

ताटल्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, ही वस्तू पुरावस्तू नाही अशा प्रमाणपत्राकरिता अर्ज करावा. सोबत प्रत्येक ताटलीची पुढची, मागची आणि खुणेची छायाचित्रे द्यावीत व तपासणीस मूळ वस्तू दाखवण्याची तयारी ठेवावी. वाद उद्भवल्यास कलम २४ नुसार महासंचालकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. अर्ज लांबवू नये, कारण शंभर वर्षांची रेषा दरवर्षी पुढे सरकते आणि आज मोकळी असलेली ताटली उद्या तशी राहीलच असे नाही.

संच घरातच ठेवण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. आजोबांच्या वस्तूंवर आपल्या बंधूंचाही हक्क पोहोचत असल्याने भेट देण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी. कन्या डिसेंबरात निघणार आहे, तोवर प्रमाणपत्र हाती आले नाही, तर ताटल्या तिच्या पुढच्या खेपेपर्यंत कपाटातच राहू द्याव्यात.