वारशाचा अभ्यास करून पुढे काय?

इतिहासात एम. ए. करून पोट भरेल का, हा प्रश्न करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे पूर्वीपासून येत आला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. तेव्हापासून वारसा व्यवस्थापन, संग्रहालयशास्त्र आणि ‘पब्लिक हिस्टरी’ (लोकांसमोर इतिहास मांडण्याचे शिक्षण) या अभ्यासक्रमांची चौकशी करणारी मुले अधिक येऊ लागली आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ काळजीत पडलेले पालकही. त्या सगळ्यांना एकच सरसकट उत्तर देता येत नाही, म्हणून थोड्या आधीची एका मुलीची हकिकत तिच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडते.

मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. इतिहास घेऊन बी. ए. चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली आणि सुट्टीच्या दिवशी गडसंवर्धनाच्या गटाबरोबर टाक्यांमधला गाळ काढायला जाणारी. वडील एसटीत चालक. ब्रिटनमधील एका विद्यापीठाच्या ‘पब्लिक हिस्टरी अँड हेरिटेज’ या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता, आणि त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचे तर शेत गहाण पडणार होते. वडील पहिल्याच भेटीत म्हणाले, “मॅडम, पोरगी हुशार आहे, तिला अडवायची इच्छा नाही. पण गड फिरायला डिग्री कशाला लागते? बी. एड. केलं, नाहीतर एमपीएससीला बसली, तर आमच्या जिवाला घोर राहणार नाही.” मुलगी खाली मान घालून बसली होती.

पालक आणि पाल्य यांच्याशी मी एकदा तरी स्वतंत्रपणे बोलते. वडील बाहेर गेल्यावर ती जे बोलली ते मला अधिक महत्त्वाचे वाटले: “मला हा विषय आवडतो की फक्त गड आवडतात, तेच मला कळत नाही. बाबांना मी हे कसं सांगू?” वडिलांची काळजी पैशाची होती आणि ती रास्त होती. तिची काळजी स्वतःविषयी होती, आणि ती सुटल्याशिवाय पैशाच्या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नव्हता.

तरीही वडिलांना वस्तुस्थिती सांगणे आवश्यक होते. हा अभ्यास म्हणजे स्थळदर्शन नव्हे. संग्रहालय, अभिलेखागार, स्मारक आणि वस्ती अशा ठिकाणी लोकांसमोर व लोकांना बरोबर घेऊन इतिहास कसा मांडावा, तो कोणाच्या शब्दांत मांडावा आणि त्याच्या खुणा कशा जपाव्यात, याचे हे शिक्षण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत १९७६ मध्ये या नावाने अभ्यास सुरू झाला आणि पुढे तो ब्रिटनमध्येही रुजला. आपल्याकडे नेमक्या या नावाची पदवी क्वचित आढळते, मात्र त्यातली कौशल्ये वेगवेगळ्या दारांनी मिळतात: पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून चालत आलेला संग्रहालयशास्त्र विभाग, आणि नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत, कलेतिहास, जतन आणि संग्रहालयशास्त्र.

नोकरीचे चित्र मी रंगवून सांगितले नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय येथे नियमित जागा मोजक्या असतात आणि त्यांच्या जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नसतो. संग्रहालये, वारसा जतनासाठी काम करणाऱ्या इन्टॅकसारख्या संस्था, संवर्धन वास्तुविशारदांची कार्यालये आणि खासगी संग्रह येथे काम मिळते, पण सुरुवातीची वर्षे बहुधा कंत्राटावर आणि तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात. नेट परीक्षेत इतिहास, पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्र व जतन हे वेगळे विषय आहेत, त्यामुळे पुढे प्राध्यापकी हवी असेल तर पदवीचा विषय आजच विचारपूर्वक ठरवायला हवा. परदेशी पदवी असेल तर तिची समकक्षता आधी तपासून घ्यायला हवी. वडिलांनी हे सगळे शांतपणे ऐकले. मुलांच्या आवडीची भलामण करून पालकांना गप्प करणारे समुपदेशन मला पटत नाही. ज्याला हप्ते फेडायचे आहेत त्याला खरे आकलन मिळालेच पाहिजे.

मुलीला मी सुचवले की प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत लांबवता येतो का ते विद्यापीठाला विचार, आणि मधल्या काळात या क्षेत्रातले काम प्रत्यक्ष करून बघ. विद्यापीठाने मुदत दिली. जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत त्या मोडी लिपीच्या वर्गात तिने नाव घातले. मोडी शिकणे ही मोठी कसोटी आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जायची, अशी ती लेखनपद्धती. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कागदावर ‘सबा सितैन मया व अलफ’ अशी कालगणना दिसली की सात, साठ, शंभर आणि हजार अशी बेरीज करून शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरली जाणारी अरबी अंकनामांची कालगणना, ११६७ काढायचा, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन १७६६-६७ पर्यंत पोहोचायचे. एवढे करून हाती येते ते कित्येकदा एखाद्या गावच्या पाटलाला वसुलीबद्दल लिहिलेले साधे पत्र. तिने चिकाटीने अभ्यास पूर्ण केला, पण नंतर प्रामाणिकपणे म्हणाली की दिवसभर दफ्तरासमोर बसण्यात तिचे मन रमत नाही. हे उत्तरही मोलाचेच होते.

तिला दिशा दिली ती तिच्याच गावातल्या वीरगळाने, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडाने. देवळाच्या आवारात उभा असलेला हा दगड ती लहानपणापासून पाहत होती: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावच्या तरुणांनी जत्रेच्या आधी हौसेने त्याला चांदीसारखा ऑइल पेंट फासला होता. संवर्धनाच्या दृष्टीने हे घातक असते, कारण रंगाने दगडाची छिद्रे बुजतात, आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि कालांतराने पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. तिच्या गटातल्या मुलांना तारेच्या ब्रशने रंग खरवडून काढायचा होता. त्याने कोरीव काम कायमचे झिजले असते, म्हणून तिने त्यांना थांबवले आणि जाणकार संवर्धकाचा सल्ला मिळेपर्यंत दगडाला हात लावायचा नाही असे ठरवून घेतले.

शेजारी लावायच्या माहितीफलकाचा मजकूर मात्र तिला लिहायचा होता. पहिला मसुदा तिने मला दाखवला तेव्हा त्यात ‘यादवकालीन’ असा शब्द होता. दगडावर लेख नाही, मग काळ कशावरून ठरवला, असे विचारल्यावर तिने तो शब्द स्वतःच खोडला. पुढची अडचण अधिक नाजूक होती. गावातले एक घराणे त्या दगडाला राखणदार मानते. लग्नकार्याआधी त्याला नारळ फोडते. फलकावर ‘युद्धात मरण पावलेल्या वीराचे स्मारक’ असे वाक्य होते, आणि त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “आमचा देव मेला असं पाटीवर कशी लिहितेस, बाळा?” ती पुन्हा पुन्हा त्या आजींकडे जाऊन बसली. अखेर जो मजकूर झाला त्यात शिल्पपट्टांचा अर्थ आहे, काळ निश्चित सांगता येत नाही हे स्पष्ट लिहिले आहे, आणि गाव या दगडाला राखणदार म्हणून पुजते हेही त्याच आकाराच्या अक्षरांत आहे. आजींनी वाचून घेतल्यावरच फलक लागला.

हे सारे सांगताना तिचा चेहरा मी पाहत होते. गडावरची भटकंती आणि हे काम यांतला फरक तिला आता कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा स्मारक कायदा संरक्षित घोषित झालेल्या वास्तूंपुरता चालतो. गावोगावचे असे असंख्य दगड त्याबाहेर राहतात, आणि त्यांचे भवितव्य गावकऱ्यांशी कोणी नीट बोलले की नाही यावर ठरते. असे बोलता येणे हेच या क्षेत्रातले दुर्मीळ कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे. परदेशी पदवी ते अधिक सखोल करू शकते, पण ज्याला ते काम अजून ठाऊक नाही त्याने केवळ पदवीच्या नावासाठी शेत गहाण ठेवू नये.

वडिलांसह झालेल्या पुढच्या बैठकीत तिने स्वतः निर्णय मांडला. परदेशातला प्रवेश सोडून तिने पुण्यात पुरातत्त्वाच्या एम. ए. ला नाव घातले. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्यातल्या वीरगळांच्या नोंदणीवर प्रबंधिका लिहीत आहे आणि सुट्टीत एका संवर्धन वास्तुविशारदाकडे जुन्या वाड्यांच्या नोंदी करते. वडिलांची चिंता मिटली आहे असे मी म्हणणार नाही; एमपीएससीची जाहिरात आली की ते अजूनही तिला पाठवतात, आणि तीही अर्ज भरते.

ब्रिटनला जायची इच्छा तिने सोडलेली नाही, मात्र जायचे तर शिष्यवृत्तीवरच, असे बापलेकीत ठरले आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीसाठी सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. अलीकडे वडिलांचाच फोन आला होता. वाड्यांच्या नोंदींचे कंत्राटी काम त्यात धरतात का, हे त्यांना विचारायचे होते. मी सांगितले की धरतात, पण प्रत्येक कामाचे पत्र तारखा आणि तासांसह घेऊन ठेवायला हवे. ती पत्रे लावायला वेगळी फाइल आणतो, असे ते म्हणाले.