जळगावजवळ पाटचारीच्या कडेला बारकी निळी टाचणी (चतुरासारखा बारीक, उडणारा कीटक) दिसली, ती कोणती असेल आणि आणखी कुठे बघायला मिळेल?

भाऊ, इंचापेक्षा कमी लांबी, आकाशी निळा रंग, पाठीवर काळं आणि गवतात अगदी खाली बसते, एवढं तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ती अँफिअलॅग्मा पार्वम वाटते, इंग्रजीत अझ्युर डार्टलेट म्हणतात ती. पण नुसत्या निळ्यावर जाऊ नका, निळ्या टाचण्या आपल्याकडे बऱ्याच आहेत, शेपटीचं टोक बघा.

ही शेपटी म्हणजे खरं तर तिचं लांब पोट, त्याचे खंड असतात १०. ८वा आणि ९वा वरून पूर्ण निळा आणि १०व्याच्या पाठीवर काळं असेल तर बहुतेक हीच. ८वा निळा पण ९व्याची पाठ काळी आणि छाती हिरवट, तर ती इश्नुरा सेनेगालेन्सिस, जी साचलेल्या घाण पाण्यावरपण सहज दिसते. कमळाच्या पानावर बसलेली, छातीवर निळसर भुकटी असलेली असेल तर पॅरासर्सिऑन. आणि स्यूडॅग्रिऑन मायक्रोसेफालम रंगाला अगदी तशीच, पण लांबी दीड इंचाच्या आसपास, म्हणजे तुमची ती नाही. हे सगळं नराचं सांगतोय हां, माद्या फिक्या असतात, जोडी दिसली तर दोघांचा फोटो घ्या.

कुठे बघायची तर संथ पाणी आणि कडेला गवत, लव्हाळा, पाणकणीस जिथे असेल तिथे. मेहरूण तलावाच्या गवताळ कडा, हतनूरचं बॅकवॉटर, धुळ्याकडे नकाणे तलाव, वर तोरणमाळचा यशवंत तलाव, आणि पाऊस सरल्यावर आपले छोटे बंधारे नाले तर आहेतच. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात शोधत बसू नका, टाचणीची मादी पाणवनस्पतीच्या देठात छेद करून आत अंडी घालते, देठच नाही तर अंडी घालणार कुठे? म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्या चारीवर कोणी तणनाशक मारत असेल तर निदान एका बाजूचा पट्टा तरी सोडायला सांगा, पाण्यातली पिल्लं डासांच्या अळ्या खातात, म्हणजे शेतकऱ्याचापण फायदाच आहे.

फोटो एक बरोब्बर वरून आणि एक बाजूने काढा, टोक फोकसमध्ये पाहिजे. सकाळी दव असताना त्या फारशा उडत नाहीत, तेव्हा मोबाईलनेपण जमतं, पकडायची गरज नाही. काढलात की इथेच टाका, नक्की काय ते सांगतो.